पार्किन्सन्स : जादा गोळी हा हट्ट नव्हे

लिव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं सर्वांत प्रभावी औषध. मात्र काही थोडे रुग्ण ठरलेल्या मात्रेपेक्षा बऱ्याच जास्त गोळ्या घेऊ लागतात, लपवून साठवतात, दुसऱ्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणतात. लंडनच्या डॉक्टरांनी २००० मध्ये या अवस्थेचं सविस्तर वर्णन केलं. आज तिला ‘डोपामाइन डिसरेग्युलेशन सिंड्रोम’ म्हणतात.

गैरसमज : हा मनाचा दुबळेपणा आहे.
वस्तुस्थिती : डोपामाइन हालचालींसाठी लागतं, तसंच आनंद आणि ओढ यांसाठीही. पार्किन्सन्समध्ये मेंदूतला हालचालींचा भाग जास्त झिजतो, ओढीचा भाग तुलनेनं शाबूत राहतो. त्यामुळे एका भागाला पुरणारी मात्रा दुसऱ्या भागाला अति होऊ शकते. कमी वयात आजार जडलेले, नैराश्य असलेले किंवा पूर्वी दारूचं व्यसन असलेले रुग्ण अधिक जोखमीत असतात.

गैरसमज : जास्त गोळी मागणारा प्रत्येक जण व्यसनीच.
वस्तुस्थिती : गोळीचा असर उतरला की अंग आखडतं, शिवाय धास्ती आणि उदासीही दाटून येते. अशा वेळी मात्रा किंवा वेळा खरोखरच बदलाव्या लागतात. मात्र हातपाय आपोआप वळवळत असूनही, हालचाल सुटी झालेली असूनही गोळीची मागणी थांबत नसेल, तर डॉक्टरांना सांगाच.

गैरसमज : गोळ्या काढून घेतल्या की सवय मोडेल.
वस्तुस्थिती : लिव्होडोपा एकदम बंद केल्यास तीव्र ताठरपणा, ताप आणि भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. मात्रा न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची असते.

गैरसमज : आयुर्वेदिक चूर्ण औषधाच्या मात्रेत मोजायचं नसतं.
वस्तुस्थिती : खाजकुइलीच्या बियांत लिव्होडोपाच असतं. चूर्ण घेत असल्यास डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे.

गैरसमज : घरच्यांच्या हातात काही नाही.
वस्तुस्थिती : खूप काही आहे. औषधं एकाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत, घरातल्या एकानं ती सांभाळून वेळेवर द्यावीत आणि प्रत्येक गोळीची वेळ वहीत टिपावी. जुगार, बेफाम खरेदी किंवा लैंगिक वागण्यातला बदल दिसला, तर संकोच सोडून बोलावं. पार्किन्सन्सवरच्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनीही असे बदल होऊ शकतात. नैराश्यावर उपचार घ्यावेत. रुग्णाला रागावलं तर तो गोळ्या आणखी लपवतो. त्याला विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे सोबत जावं.