मालिकेतील पात्राची अनुपस्थिती : निर्मितीचे कारण आणि कथनातील निमित्त

दूरचित्रवाणी-मालिकेतील एखादे पात्र मधल्या काही भागांतून दिसेनासे होते आणि पुढे जणू काहीच घडले नाही अशा रीतीने परत येते. या अनुपस्थितीचा अर्थ कसा लावावयाचा, हा कथनमीमांसेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतील एखादे पात्र काही प्रकरणे दूर राहिले, तर ती लेखकाची योजना मानता येते, कारण कागदावरील पात्राला शरीर नसते. मालिकेतील पात्र मात्र नटाच्या देहाशी बांधलेले असते. त्या देहाला विश्रांती लागते, आजार होतो आणि त्याच्या कामाला मोलही द्यावे लागते. अमेरिकन मालिकांत सहायक नटाच्या करारात अनेकदा हंगामातील ठराविकच भागांची हमी असते. उरलेल्या भागांतील त्याचे नसणे ही निर्मात्याची बचत असते.

‘डॉक्टर हू’च्या पहिल्या पर्वाचे ४२ भाग २३ नोव्हेंबर १९६३ ते १२ सप्टेंबर १९६४ या काळात प्रसारित झाले. दर आठवड्यास एका भागाची तालीम व मुद्रण, असा क्रम असल्याने चार प्रमुख नटांना रजा देण्याचा मार्ग एकच होता : त्या पात्राला कथानकातून तात्पुरते बाजूला करणे. ‘द अ‍ॅझ्टेक्स’मध्ये डॉक्टरची नात सुझन विद्यालयात पाठविली जाते आणि दोन भागांत केवळ आधी चित्रित केलेल्या तुकड्यांपुरती दिसते. ‘द सेन्सोराइट्स’मध्ये बार्बरा अंतराळयानातच मागे राहते. ‘द रेन ऑफ टेरर’मध्ये इयन पॅरिसच्या तुरुंगात अडकतो. ‘द कीज ऑफ मॅरिनस’मध्ये खुद्द डॉक्टर इतरांच्या पुढे निघून जातो आणि दोन भाग दिसतच नाही.

सुझन व बार्बरा यांचेच प्रसंग पाहिले, तर स्त्रीपात्रांना जाणूनबुजून डावलले आहे असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. रजा चौघांनाही मिळाली होती. परंतु ‘हे केवळ रजेचे वेळापत्रक’ असे म्हणून विषय संपविणेही तितकेच अपुरे आहे. कारण संहितेबाहेरचे असले तरी निमित्त संहितेलाच शोधावे लागते. तरुण मुलीसाठी शिस्तीचे विद्यालय, शिक्षिकेसाठी सुरक्षित यान, तरुण पुरुषासाठी तुरुंग आणि वडीलधाऱ्या नायकासाठी स्वेच्छेचा प्रवास, ही निमित्ते अदलाबदल करण्याजोगी वाटत नाहीत. प्रत्येक पात्राविषयीची संहितेची धारणा त्यांतून प्रकट होते.

आकस्मिक अडचणीतही हेच दिसते. १९६८ च्या ‘द माइंड रॉबर’ या कथेच्या वेळी जेमीची भूमिका करणारे फ्रेझर हाइन्स यांना कांजिण्या झाल्या. कथा कल्पिताच्या प्रदेशात घडत असल्याने जेमीचा चेहराच विस्कटतो, डॉक्टर तो चुकीचा जुळवितो आणि काही काळ हॅमिश विल्सन हे जेमी होतात, अशी योजना करता आली. नटाचा आजार येथे कथेचाच विषय झाला.

तात्पर्य, समीक्षकाने दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवेत. पात्र का नाही, याचे उत्तर निर्मितिव्यवस्थेत शोधावे. ते कोठे गेले असे सांगितले जाते, याचे उत्तर संहितेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लागू केले की अर्थनिर्णय फसतो.