कागद कापणारी हिरवी रेघ

रमजानचा चंद्र दिसला की आमच्या घरी कपाटावरचं जुजदान खाली उतरतं. जुजदान म्हणजे कुराणाचं कापडी वेष्टण. देवघरातली पोथी लाल फडक्यात बांधतात, तसंच. आत पणजोबांच्या वेळचं हस्तलिखित कुराण आहे. रोज वाचायला छापील प्रती आहेत. हे फक्त उघडायचं, पाहायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचं. कारण त्याची काही पानं चौकटीतून सुटली आहेत. मजकुराभोवती जी हिरवी रेघ आखली आहे, नेमकी तिच्यावरून. खिडकीची काच निखळावी तसा मधला मजकूर हातात येतो आणि कोरा समास मागे राहतो.

याचा आळ आमच्या चाचांवर होता. आठ-नऊ वर्षांचे असताना शाळेसाठी चित्रं कापायला त्यांनी ब्लेड घेतलं होतं. तेवढ्यावरून दादीने ठरवलं, पानं यानेच कापली. मार बसला. चाचा आता सत्तरीला आले, तरी जुजदान उघडलं की कोणीतरी तो विषय काढतंच. चाचा काही बोलत नाहीत, खाली मान घालून खजूर निवडत बसतात.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारला शेजारचे सर आले होते. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि एक पान उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "चाचा, हे ब्लेडचं काम नाही. हे तांब्याचं काम आहे."

ब्लेडने कापलं असतं तर कड स्वच्छ आणि पांढरी राहिली असती. इथे कड तपकिरी होती, बोट लावलं की भुगा पडत होता. जी पानं अजून शाबूत आहेत त्यांच्या मागच्या बाजूलाही त्याच रेघेची तपकिरी सावली उमटली होती. ती पानं उद्या सुटणार, आणि त्यांना कोणी हातही लावलेला नाही.

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतं. आंबटाने तांबं सुटतं आणि हिरवट कळंक धरतो. जुने चितारी हाच कळंक मुद्दाम बनवत. तांब्याचे पत्रे सिरक्याच्या वाफेत ठेवायचे आणि चढलेली हिरवी पूड खरवडून घ्यायची. फारसीत तिला जंगार म्हणतात. रंग पाचूसारखा सुरेख, पण त्यातलं तांबं दमट हवेत कागदाच्या तंतूंशी झगडत राहतं. वर्षानुवर्षं तंतू तुटत जातात आणि रेघेखालचा कागद जळल्यासारखा होतो. जुन्या उस्तादांना याची कल्पना असावी. फारसी कृतींमध्ये जंगारात केशर मिसळायला सांगितलेलं आढळतं, आणि केशरामुळे कागदाची हानी कमी होते असं इराणी लघुचित्रांच्या अभ्यासकांना प्रयोगांत दिसलं आहे. आमच्या कुराणाच्या कातिबाला केशर परवडलं नसावं.

मग आतली काळी अक्षरं कशी टिकली? ती काजळाची आहेत. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी, एवढंच. काजळी म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही, कागदाशी भांडत नाही. डिंक त्याच्या प्रत्येक कणाभोवती आवरण घालतो, म्हणून कण एकमेकांना चिकटून तळाशी बसत नाहीत. त्यासाठी मात्र घोटणं फार लागतं. हजला निघालेल्या उंटांच्या पाठीला शाईचे बुधले बांधत, वाटेतल्या हिसक्यांनी ती घोटली जाई, असं तुर्कस्तानात सांगतात. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद १५५० ते १५५७ या काळात सिनान या वास्तुकाराने बांधली. तिथल्या हजारो दिव्यांची काजळी हवेच्या झोताबरोबर प्रवेशद्वारावरच्या एका खोलीत जमावी, अशी त्याने रचना केली. त्या काजळीची शाई होई. ज्या दिव्यांच्या उजेडात रमजानच्या रात्री तरावीहची नमाज व्हायची, त्यांचाच धूर पुढे कातिबाच्या दौतीत उतरायचा.

दुसरी एक काळी शाई मायफळ आणि हिराकस यांची. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतो तेच. त्यातल्या तुरट द्रव्याचा हिराकशीतल्या लोहाशी संयोग होतो. लिहिताना ती फिकट दिसते, हवा लागली की काळी होते आणि कागदात भिनते. पुसता येत नाही म्हणून दस्तऐवजांना चांगली. पण तिच्यातलं आम्ल आणि लोह पुढे कागद खातात. काजळाची शाई याच्या उलट, घोटीव कागदावर नुसती टेकून राहते. चूक झाली तर कातिब ती जिभेने पुसून टाकी. शिकलेल्या माणसाला तुर्की भाषेत 'शाई चाटलेला' म्हणतात, ते यावरूनच.

सर हसून म्हणाले, "आमच्याकडे चाटत नव्हते, हरताळ फासायचे." त्यांच्या घरी आजोबांची पोथी आहे. तिच्यात चुकलेल्या अक्षरांवर पिवळा लेप आहे. हरताळ हे आर्सेनिक आणि गंधकाचं संयुग. चूक झाकायची आणि वर पुन्हा लिहायचं. आपण रोज बोलतो तो वाक्प्रचार तिथून आला. त्याच पोथीत लाल अक्षरं हिंगुळाची, काळी काजळाची. दोन घरांतल्या दोन ग्रंथांची भाषा वेगळी, लिपी वेगळी, आणि दौत मात्र जवळजवळ एकच. दौत, शाई, कागद हे आपले शब्दही फारसीच्या वाटेने आले. कलम आणि बोरू तर एकाच जातीच्या गवताच्या काडीचे.

तुमच्या माळ्यावर पोथी, मोडीतली कागदपत्रं किंवा जुनं कुराण असेल, तर सरांनी आम्हाला सांगितलं तेच सांगते. ओल्या फडक्याने पुसू नका, काजळाची अक्षरं वाहून जातील. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दमट भिंतीपासून दूर ठेवा, कारण ओलाव्याने तांब्याचं आणि लोहाचं काम भराभर होतं. हिरव्या रेघा असतील तर पानांमध्ये आम्लरहित कोरा कागद घाला आणि पान उलटताना खाली तळहात धरा.

त्या संध्याकाळी सरांचं बोलणं संपल्यावर चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गुन्हा तांब्याचा आणि मार खाल्ला मी." सगळे हसले, तेही हसले. दादीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला सांगायचं राहूनच गेलं.

या वर्षी चंद्र दिसला तेव्हा कपाटावरचं जुजदान चाचांनी स्वतः खाली उतरवलं. गाठ सोडली, पान उलटलं, खाली तळहात धरून.