नादारीचें दफ्तर कसें शोधावें

पूर्वीं एखाद्या पेढीचें दिवाळें निघालें म्हणजे तिचा मालक भरदिवसां दुकानांत दिवा लावून ठेवी आणि धनकोंचें तोंड चुकवून कांहीं दिवस बाहेर राही, असें जुने लोक सांगतात. 'दिवाळें' हा शब्दच त्या दिव्यावरून आला असेंही कित्येकांचें म्हणणें आहे. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, त्या चालींत एक सोय होती. वाटेनें जाणाऱ्या निरक्षर मनुष्यासही कळे कीं, या पेढीशीं आतां व्यवहार करण्यांत अर्थ नाहीं. हल्लीं तसा दिवा कोणी लावीत नाहीं. तो न्यायालयाच्या नोंदवहींत लागतो, आणि ती वही पाहण्याची आपणां शेतकऱ्यांस संवय नाहीं. ती संवय कां लावून घ्यावी व ती वही कशी पाहावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतों. माझी उभी हयात महसुली दफ्तरांत गेली. सातबारा, फेरफार व आठ-अ हे माझे नित्याचे सोबती. माझे एक आप्त कळंब तालुक्यांत शेती करितात. त्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं आपलें व आपल्या धाकट्या भावाचें सोयाबीन एका व्यापाऱ्यास उधार दिलें. व्यापारी राहणारा शेजारच्या जिल्ह्यांतला. त्याची जमीन मात्र आपल्या जिल्ह्यांत. ठरल्या मुदतींत पैसे आले नाहींत, तेव्हां ते मजकडे आले. मीं त्या व्यापाऱ्याचा सातबारा काढून पाहिला. जमीन त्याच्याच नांवावर, 'इतर हक्क' या रकान्यांत कसलाही बोजा नाहीं. मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "अहो, नांवावर बारा एकर जमीन आहे. पैसा कोठें जात नाहीं. धीर धरा."

त्यांनीं धीर धरला. वर्ष गेलें. मग कुणकुण कानीं आली म्हणून आम्हीं धाराशिवच्या न्यायालयांत चौकशी केली. तेथें त्या नांवाचें कांहींच प्रकरण नव्हतें. आम्ही पुन्हां निर्धास्त झालों. पुढें एका वकिलाच्या कारकुनाकडून सहज बोलतां बोलतां समजलें कीं, तो इसम राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयानें, मीं सातबारा पाहिला त्याच्या आधींच, त्यास नादार ठरविलें होतें. त्यानें दिलेल्या धनकोंच्या यादींत माझ्या आप्तांचें नांव नव्हतें, म्हणून त्यांस नोटीस आली नाहीं. ज्यांचीं नांवें होतीं त्यांस वांटणी होऊनही गेली होती. आम्ही मागाहून गेलों. उरलेल्या रकमेंतून जें हातीं आलें, तें जाण्यायेण्याच्या खर्चास पुरतें न पुरतें. त्यांचा दोष एवढाच कीं, त्यांनीं माझ्यावर भरंवसा ठेवला.

आतां, सातबारा कोरा असतांना जमीन गेली कशी, हें समजून घेतलें पाहिजे. मुंबईसारखीं पूर्वींचीं इलाखा-शहरें सोडून इतरत्र व्यक्तींच्या व भागीदारी पेढ्यांच्या नादारीचें काम १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याप्रमाणें चालतें. त्या कायद्यान्वये एखाद्यास नादार ठरविल्याचा हुकूम झाला कीं, त्याची मिळकत न्यायालयाच्या किंवा न्यायालयानें नेमलेल्या रिसीव्हरच्या स्वाधीन होते. आणि तिचा परिणाम हुकुमाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्ज दाखल झाल्या दिवसापासून धरितात. ही गोष्ट तलाठ्यास कोणी कळविली नाहीं तर सातबाऱ्यावर तिचा मागमूसही दिसत नाहीं. म्हणजे कागदावर मालक जुनाच राहतो, पण विकण्याचा अधिकार त्याच्याकडे उरलेला नसतो. हुकुमापूर्वीं, अर्जाची खबर नसतांना, योग्य मोबदला देऊन प्रामाणिकपणें झालेल्या खरेदीस कायद्यानें संरक्षण दिलें आहे. हुकुमानंतर नादाराकडून थेट खरेदी करणारा त्या संरक्षणाचा आधार घेऊं शकत नाहीं. शिवाय नादार ठरण्यापूर्वीं दोन वर्षांच्या आंत नातेवाइकांस फुकट किंवा नांवापुरत्या मोबदल्यावर दिलेली जमीनही रद्द करून घेतां येते. सबब इसार देणाऱ्यानें सातबारा तर पाहावाच, पण तेवढ्यावर थांबूं नये.

शोध करावयाचा तर पहिला प्रश्न असा कीं, कोणत्या न्यायालयांत? आमची दुसरी चूक येथेंच झाली. नादारीचा अर्ज जमीन जेथें असेल तेथें करावयाचा नसतो. ऋणको जेथें सामान्यतः राहतो, धंदा करितो किंवा पोटासाठीं काम करितो, त्या ठिकाणच्या न्यायालयांत तो करावयाचा असतो. हें अधिकार जिल्हा न्यायालयास आहेत, आणि सरकारनें अधिसूचनेनें दिले असतील तेथें दुय्यम दिवाणी न्यायालयासही. म्हणून भूमची जमीन पुण्यास राहणाऱ्या मालकाची असेल तर शोध पुणें जिल्ह्याच्या न्यायालयांत घ्यावा. परंड्यास माल घेणारा व्यापारी बार्शीचा असेल तर सोलापूर जिल्ह्याच्या. मालक मुंबईंत राहत असेल तर तेथें १९०९ चा निराळा कायदा असून काम उच्च न्यायालयांत चालतें. एखाद्याचें राहणें एकीकडे व दुकान दुसरीकडे असल्यास दोन्ही ठिकाणीं पाहावें.

न्यायालय ठरलें म्हणजे आरंभ घरबसल्या करितां येतो. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाईलवरील ॲपवर राज्य, जिल्हा व न्यायालय-संकुल निवडावें आणि पक्षकाराच्या नांवानें शोध घ्यावा. नांवाचीं निदान तीन अक्षरें व नोंदणीचें वर्ष द्यावें लागतें. वर्ष ठाऊक नसेल तर मागचीं पांच-सात वर्षें एकेक करून पाहावीं. चालू व निकाली अशीं दोन्ही प्रकारचीं प्रकरणें पाहण्यास विसरूं नये. नांवें बहुधा इंग्रजी लिपींत असतात, आणि क्षीरसागर किंवा चौधरी यांसारखीं आडनांवें तीन-चार तऱ्हांनीं लिहिलीं जातात. म्हणून एकाच लेखनावर विसंबूं नये. इसमाचें नांव, वडिलांचें नांव, पेढीचें नांव व भागीदारांचीं नांवें हीं सर्व घालून पाहावीं. प्रकरण सांपडलें कीं त्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा. त्या एका क्रमांकावर पुढील तारखा व हुकूम केव्हांही पाहतां येतात.

परंतु संगणकावर नांव सांपडलें नाहीं म्हणजे प्रकरणच नाहीं, असें समजूं नये. जुनीं प्रकरणें सर्वच त्यांत चढलेलीं नसतात. तेव्हां न्यायालयाच्या दिवाणी शाखेंत समक्ष जावें आणि नादारी अर्जांच्या नोंदवहीचा शोध मिळण्याविषयीं लेखी अर्ज करावा. जेथें ई-सेवा केंद्र आहे तेथें प्राथमिक मदत मिळते. अर्जांत त्या इसमाचें पूर्ण नांव, गांव, धंदा व अंदाजी वर्षें लिहावीं. आपण प्रकरणांतील पक्षकार नसल्यास आपला संबंध काय, येणें आहे कीं जमीन घ्यावयाची आहे, तें स्पष्ट नमूद करावें. फी भरून पावती घ्यावी. प्रकरण असल्याचें आढळल्यास चार कागदांच्या सही-शिक्क्याच्या नकला मागाव्या: मूळ अर्ज, नादार ठरविल्याचा हुकूम, धनकोंची यादी, आणि मुक्ततेचा हुकूम झाला असल्यास तो. तोंडी सांगितलेल्या माहितीवर व्यवहार करूं नये. ही शिकवण तीस वर्षें नकला देणाऱ्या माणसाची आहे.

दुसरी वाट राजपत्राची. नादार ठरविल्याच्या हुकुमाची जाहिरात राजपत्रांत द्यावी असें कायदाच सांगतो. तींत इसमाचें नांव, पत्ता, हुकुमाची तारीख, मुक्ततेसाठीं अर्ज करण्याची मुदत व न्यायालयाचें नांव असतें. महाराष्ट्र शासनाचें राजपत्र आतां संगणकावर पाहतां येतें. मात्र आपण राजपत्र वाचलें नाहीं ही सबब न्यायालयांत चालेल, अशा भ्रमांत कोणी राहूं नये.

वडिलोपार्जित जमिनीच्या तंट्यांत जुन्या दफ्तराचा शोध घ्यावा लागतो. त्यांस आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाची थोडी ओळख असावी. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव झालें. सबब सूचींत दोन्ही नांवांखालीं पाहावें. लातूर जिल्हा १९८२ सालीं आपल्यांतून निराळा झाला. त्यामुळें त्यापूर्वींच्या लातूर-औशाच्या प्रकरणांची विचारणा दोन्ही जिल्ह्यांच्या न्यायालयांत करावी. १९४८ पूर्वीं आपण हैदराबाद संस्थानांत होतों. तेथील कायदे व न्यायालयें निराळीं, दफ्तर उर्दू, आणि तारखा फसली सनाच्या. त्या सनाचें वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यानें सुरू होई. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे वर्षारंभाचा इसवी सन निघतो: फसली १३५५ म्हणजे १९४५ च्या ऑक्टोबरापासून पुढें. उर्दू वाचणारा जाणता मनुष्य बरोबर न्यावा. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा, ज्यांत शेतकऱ्याच्या नादारीविषयीं स्वतंत्र प्रकरण होतें, तो शेजारच्या सोलापुरास लागू होता, आपल्यास नव्हता. म्हणून बार्शीकडील आजोबांच्या कागदांत जें सांपडतें तें तुळजापूरकडील आजोबांच्या कागदांत सांपडणार नाहीं. तसेंच १९५६ च्या हैदराबाद शेतकरी कर्जनिवारण कायद्याखालचीं प्रकरणें कर्जाच्या तडजोडीचीं आहेत. त्यांस नादारीचीं समजूं नये.

कंपनी व सहकारी संस्था यांचा मार्ग मात्र वेगळा. खाजगी साखर कारखाना किंवा आपली शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी असल्यामुळें तिची दिवाळखोरी २०१६ च्या संहितेप्रमाणें राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढें चालते. धनकोंनीं मागणी सादर करण्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत व भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर येते. मुदत थोडी असते, म्हणून ऊस घातलेल्यानें तिकडे लक्ष ठेवावें. त्याच संहितेंत व्यक्तींविषयींही भाग आहे. परंतु तो कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच १ डिसेंबर २०१९ पासून अंमलांत आला. बाकीच्या व्यक्तींस जुना कायदाच लागू आहे. ढोकीच्या तेरणेसारखा सहकारी कारखाना किंवा गांवची सेवा सोसायटी या दोहोंपैकीं कोठेंच सांपडावयाची नाहीं. संस्था गुंडाळण्याचें काम १९६० च्या सहकारी संस्था कायद्यान्वये अवसायकाकडे असतें. त्याचे कागद कारखान्याच्या बाबतींत साखर आयुक्तांकडे व इतर संस्थांच्या बाबतींत सहकार खात्याच्या निबंधकाकडे मागावे.

शोधांत नांव सांपडलें तर काय करावें? आपलें येणें असेल तर स्वतंत्र दावा लावण्याची घाई करूं नये. नादार ठरविल्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवांचून तो लावतां येत नाहीं. आपल्या येण्याचें प्रतिज्ञापत्र करून तें त्या नादारी न्यायालयांत समक्ष द्यावें किंवा रजिस्टर टपालानें पाठवावें. कायद्यानें तशी मोकळीक ठेविली आहे. सोबत वजनकाट्याच्या पावत्या, हिशेबाच्या पट्ट्या व बँकेचे उतारे यांचा उल्लेख असावा. धनकोंच्या यादींत आपलें नांव नसलें तरी, ऋणकोची मुक्तता होईपर्यंत तें घालून घेण्याचा अर्ज करितां येतो. परंतु आधीं झालेली वांटणी उशिरा आलेल्यासाठीं मोडली जात नाहीं. जें शिल्लक असेल त्यांतूनच त्यास मिळतें. मुक्तता झाली म्हणजे तर बहुतेक जुनें देणें संपुष्टांतच येतें. येथें एकेका महिन्याची किंमत आहे, ती आम्हीं मोजली आहे. रकम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. पण शोधाचें काम आपलें आपण करण्यास कोणाची हरकत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. कोणाचें नांव त्या वहींत सांपडलें म्हणून चावडीवर त्याची निंदा करीत बसूं नये. नादारी म्हणजे लबाडी नव्हे. पाऊस चुकला, भाव पडला, घरांत आजारपण आलें, तर तें दार आपल्यालाही ठोठवावें लागेल. पांचशें रुपयांहून कमी नाहीं एवढें देणें असलेला व तें फेडण्यास असमर्थ असा ऋणको स्वतः अर्ज करूं शकतो, आणि शेतकऱ्याचें राहतें घर व शेतीचीं अवजारें जप्तींतून वगळण्याची तरतूद दिवाणी कायद्यांत आहे, ती नादारींतही पाळली जाते. कायद्यानें हें दफ्तर धनको व ऋणको या दोघांच्याही रक्षणासाठीं ठेविलें आहे.

माझे ते आप्त अजून घरीं येतात. मागल्या दसऱ्यास त्यांच्या धाकट्या भावानें एक जमीन पाहिली. इसार देण्यापूर्वीं ते दोघेही मजकडे आले. मीं संवयीनें सातबारा मागितला. ते हंसले आणि म्हणाले, "सातबारा राहूं द्या, नाना. मालक कोठें राहतो तें आम्हीं आधीं विचारलें, आणि तेथल्या न्यायालयांत जाऊन आलों." त्यांनीं नकलेच्या अर्जाची पावती पुढें ठेविली. मला लाज वाटली, आणि समाधानही.