सर्व्हर बंद पडला तर रडणार कोण?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य ज्याने ऑफिसच्या खिडकीवर एकदाही ऐकलं नाही, त्याचं इंजिनिअरिंग अपुरं राहिलं म्हणायचं. मीही तीन वर्षं ते हसण्यावारी नेलं. पण गेल्या जूनमध्ये माझ्या रूम पार्टनरवर जी वेळ आली, त्यानंतर हसू येईना.

पार्टनर माझ्याहून एक वर्ष सीनिअर. त्याला एमटेकची सीट मिळाली होती. शुक्रवारी पाचच्या आत टीसी घेऊन हजर व्हायचं होतं. टीसीला नो ड्यूज हवं, नो ड्यूजवर होस्टेलची सही हवी, आणि मेस बिलांचा सगळा हिशेब होस्टेल ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या पीसीवर. मंगळवारी नेमकी त्याचीच हार्ड डिस्क उडाली. शेवटचा बॅकअप नोव्हेंबरचा! कॉलेजचा मोठा सर्व्हर एसी खोलीत, यूपीएसवर, अगदी ठणठणीत होता. पण त्याचा इथे काय उपयोग? बाकीच्या पावत्या सापडल्या, मार्च-एप्रिलच्या मात्र रद्दीत गेल्या होत्या. शेवटी त्या दोन महिन्यांचं बिल पुन्हा भरून गुरुवारी संध्याकाळी सही मिळाली आणि गडी रात्रीच्या एसटीने निघाला. सीट वाचली. पण त्याच्या वडिलांनी उसने आणलेले ते पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

नंतर मी कॉम्प्युटर सेक्शनच्या सरांना विचारलं, "सर, कुठली सिस्टिम महत्त्वाची हे ठरवायचं कसं?" सर म्हणाले, "बस. कागद काढ."

मशीनची किंमत आणि तिचं महत्त्व यांचा काही संबंध नाही, हे सरांनी आधी सांगितलं. प्रत्येक सिस्टिमला तीन प्रश्न विचारायचे. पहिला: ही किती वेळ बंद राहिली तर चालेल? याला आरटीओ म्हणतात (लायसन्सवाला नव्हे, रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह). दुसरा: किती वेळची माहिती गेली तर चालेल? हा आरपीओ, म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह. रोज रात्री बॅकअप घेता, तर जास्तीत जास्त एका दिवसाची माहिती जाईल हे तुम्ही मान्य केलेलं असतं. आमच्या होस्टेलने न विचारताच सात महिने मान्य केले होते! तिसरा: माहिती भलत्याच्या हाती पडली, किंवा कुणी गुपचूप बदलली तर? निकालाची सिस्टिम दिवसभर बंद पडली तर बोंबाबोंब होईल, पण कुणाचे 34 चे 43 झाले आणि कळलंच नाही, तर ते त्याहून वाईट.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने 2004 मध्ये तिथल्या सरकारी सिस्टिम्ससाठी फिप्स 199 हे मानक काढलं. त्यात गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता या तिन्हींना कमी, मध्यम किंवा जास्त अशी श्रेणी देतात. 2006 च्या फिप्स 200 प्रमाणे तिन्हींतली सर्वांत वरची श्रेणी हीच त्या सिस्टिमची श्रेणी. सरासरी काढायची नाही. एका विषयात उडालो की बाकीचे मार्क वाचवत नाहीत, तसंच हे.

मग आम्ही कागदावर चार वर्ग पाडले.

1. तासाभरात परत हवं: नेटवर्क, लॉगिन.
2. एका दिवसात: प्रवेश, फी, परीक्षा फॉर्म, निकाल.
3. तीन-चार दिवसांत: पगार, हिशेब, लायब्ररी.
4. आठवडाभर थांबेल: गॅदरिंगची नोंदणी, फोटो गॅलरी.

होस्टेलचा पीसी मी चौथ्या वर्गात टाकला. सर म्हणाले, "जूनमध्येसुद्धा?" आणि माझी ट्यूब पेटली.

वर्ग तारखेप्रमाणे बदलतो. पगाराची सिस्टिम 10 तारखेला तीन दिवस झोपली तर कुणाला पत्ता लागणार नाही. 28 तारखेला झोपू द्या, मग बघा! म्हणून वर्ग ठरवताना वर्षातला सर्वांत वाईट दिवस धरायचा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या लिंकन कॉलेजचं उदाहरण घ्या. 1865 चं हे कॉलेज कोविडने आधीच खिळखिळं झालं होतं. डिसेंबर 2021 मध्ये त्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि प्रवेशाच्या सिस्टिम्स ठप्प झाल्या. मार्च 2022 मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा कुठे पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी किती कमी पडणार ते दिसलं. मे 2022 मध्ये कॉलेज कायमचं बंद झालं. हल्ला हे एकमेव कारण नव्हतं, पण ऐन हंगामात पुढचं दिसेनासं झालं.

दुसरी गोष्ट साखळीची. निकाल लॉगिनशिवाय उघडत नसेल, तर लॉगिनचा वर्ग निकालापेक्षा खालचा असूच शकत नाही. तसंच प्रवेश टीसीवर, टीसी नो ड्यूजवर, आणि नो ड्यूज त्या कोपऱ्यातल्या पीसीवर. म्हणजे जूनमध्ये तो दुसऱ्या वर्गातच बसतो.

मग सगळंच पहिल्या वर्गात टाकू? तेवढा पैसा आणि माणसं कुठल्याच कॉलेजात नसतात. प्रत्येक विभाग "आमचंच अर्जंट" म्हणणार. अशा वेळी सरांचा प्रश्न कामाला येतो: "कागद-पेनावर किती दिवस काढाल?" ज्याला काम कागदावर निभावता येतं, त्याला थोडं थांबता येतं.

आता होस्टेलचा हिशेब रोज रात्री दुसऱ्या मशीनवर कॉपी होतो आणि दर एक तारखेला त्याची प्रिंट रेक्टरांच्या सहीने फाईलला लागते. खर्च म्हणाल तर एक हार्ड डिस्क आणि थोडे कागद. स्टाफ मंडळींना एवढीच विनंती की बॅकअप घेतलाय ना, मग तो एकदा उघडूनही बघा. आणि होस्टेलकरांनो, मेसच्या पावत्या रद्दीत घालू नका!