पाणी कुणाचं, दुष्काळ कुणाचा

या उन्हाळ्यात आमच्या शिवारात आणखी एक बोअर पडलं आणि खालच्या अंगाच्या विहिरींनी तळ गाठला. ज्याची डाळिंबाची बाग मोठी, त्याचंच बोअर खोल. हे पाहताना मला अर्थतज्ज्ञ सुलभा ब्रह्मे आठवतात. २०१६ च्या डिसेंबरात त्या गेल्या, तेव्हा आमच्या नामपुरात कुणी हळहळलं नाही. हळहळायला हवं होतं.

त्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांची मुलगी, पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांची थोरली बहीण, पुण्याच्या गोखले संस्थेतली संशोधक. पुढे लोकविज्ञानाचं काम, ‘बायजा’ हे नियतकालिक, एन्रॉन आणि जैतापूर प्रकल्पांना विरोध. तो सगळा काळ मी ओलांडतो, कारण माझा जीव अडकलाय तो बहात्तरच्या दुष्काळात.

तेव्हा मी शाळकरी होतो. आई खडी फोडायला जायची, घरी मिलो ज्वारीची लाल भाकर आणि सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याआधी १९७१ साली अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी याच गोखले संस्थेतून गरिबी मोजली होती: खेड्यात दरमाणशी महिना १५ रुपये, १९६०-६१ च्या किमतींनी. मोजणी मोलाची होती. पण जमीन वाटून गरिबी हटणार नाही, मजुरीची कामं काढा, या त्यांच्या उत्तराशी माझं आजही पटत नाही. हाताला काम मिळालं, पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदाही झाला. पाण्याची वाटणी मात्र होती तशीच राहिली. ब्रह्मेबाईंनी बोट ठेवलं ते नेमकं तिथे. बहात्तरच्या दुष्काळावरचं त्यांचं पुस्तक १९८३ साली आलं आणि ते सिंचनाच्या नियोजनाची बाजू मांडणारं होतं. विषमता आणि पर्यावरण त्यांच्या लेखी एकाच हिशेबात होतं.

आमच्या मोसम खोऱ्याला हा हिशेब पुस्तकाआधीच ठाऊक होता. इथल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे भाग, पडत. एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक टाकायचा. तोटा कुणा एकाच्या माथी येत नसे. पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने पाळी दिली की मोठा शेतकरीही ती मानायचा. विजेचे पंप आले, मग बोअर आलं, आणि ज्याच्या खिशात पैसा त्याला कुणाच्या पाळीची गरज उरली नाही. ही पडझड मी डोळ्यांनी पाहिली आणि तिचं दुःख अजून ओसरलेलं नाही.

आता ठिबकला अनुदान मिळतं, शेततळ्याला मिळतं. कुणी किती पाणी उपसावं, हे मात्र गावात कुणी बोलत नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई करतो. आमच्याकडे लोक आठशे फुटांच्या बोअरच्या गोष्टी उघडपणे सांगतात, आणि त्या कायद्यापायी बंद झालेलं एकही बोअर मी या शिवारात पाहिलेलं नाही.