ब्लॉक-पिस्टन कंपनीचं टाकावं की बाहेरचं? इंजिन खोलण्याआधी हे समजून घ्या

सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, ऑइल दर आठवड्याला कमी होतंय, चढावर गाडी दम टाकतेय. डहाणूजवळच्या आगर-नरपडपासून तलासरीच्या महामार्गापर्यंत कुठल्याही गॅरेजवर यावर एकच निदान मिळतं: "भाऊ, ब्लॉक-पिस्टन गेलं." आणि लगेच पुढचा प्रश्न, "कंपनीचं टाकू की बाहेरचं?"

या भागात 100 सीसीची गाडी हौसेची नसते. कामावर जायचं, चिकू बाजारात न्यायचा, पोरांना शाळेत सोडायचं, सगळं तिच्यावरच. इंजिन दोन महिन्यांत पुन्हा खोलावं लागलं तर दुप्पट खर्च आणि वर रोज बुडतो. म्हणून उत्तर घाईत देऊ नका.

'बाहेरचं' म्हणजे नेमकं कोणतं?

गोंधळ इथेच आहे. हिरो, बजाज, होंडा यांच्या गाड्यांतले सगळेच पिस्टन या कंपन्या स्वतः ओतत नाहीत. भारतात पिस्टन आणि रिंगा बनवणारे वेगळे कारखाने आहेत. गाझियाबादची श्रीराम पिस्टन्स, चेन्नईची इंडिया पिस्टन्स, रिंगांसाठी प्रसिद्ध गोएत्झे ही त्यातली जुनी नावं. असे कारखाने वाहन कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातही बाजारात विकतात. हा मालही 'बाहेरचा'च, पण त्याला लोकल म्हणणं चूक आहे.

त्याच काउंटरवर बिननावाचे डबेही असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नामांकित कंपनीच्या डब्याची हुबेहूब नक्कल. फसवणूक 'बाहेरच्या' मालापेक्षा 'कंपनीच्या' नावाखालीच जास्त सोपी जाते, कारण तिथे आपण डबा उघडूनही बघत नाही.

स्वस्त पिस्टनमध्ये बिघडतं काय?

वरून काहीच दिसत नाही. पिस्टन म्हणजे साधा गोल डबा वाटतो, पण तो पूर्ण गोल नसतो. किंचित लंबगोल असतो आणि डोक्याकडे थोडा निमुळता. डोकं जास्त तापतं, जास्त फुगतं, म्हणून तिथे आधीच जागा सोडलेली असते. अॅल्युमिनियम हे बीडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ते फुगणं आवरायला मिश्रधातूत सिलिकॉन घालतात. धातूचं प्रमाण किंवा घडण चुकली, तर थंड असताना व्यवस्थित बसलेला पिस्टन तापल्यावर जाम होतो. 6000 आरपीएमला तो सेकंदाला 100 वेळा वर-खाली होत असतो, हे लक्षात घ्या.

तरीही नवं इंजिन लवकर गेलं की सगळा दोष पिस्टनच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. आधी बोअरिंग कसं झालं ते विचारावं.

97.2 सीसीच्या स्प्लेंडरचा बोअर 50 मिमी असतो. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून 0.25, 0.50, 0.75 किंवा 1 मिमी जास्त मापाचा पिस्टन घालतात. (0.50 घातला तर इंजिन जेमतेम 99 सीसीचं होतं. 'बोअर करून गाडी पळते' ही नुसती बढाई आहे.) पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजतात. कमी पडली तर पिस्टन चिकटतो, जास्त झाली तर खटखट वाजतो आणि ऑइल जाळतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन विकत घ्या, मग तोच पिस्टन ब्लॉकसोबत लेथवाल्याकडे द्या. त्याने मायक्रोमीटरने पिस्टन खालच्या बाजूला, पिनला काटकोनात मोजावा आणि त्या मापाने बोअर करावं. "पन्नासचं करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" असं सांगितलं, की उत्तम कंपनीचा पिस्टनही वाया गेला म्हणून समजा.

होनिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने, साबणाने घासून धुवायला लावा. नुसत्या पेट्रोलने दगडाची बारीक पूड निघत नाही आणि तीच नव्या रिंगा खाते. रिंगेच्या टोकांमधली फट सिलिंडरमध्ये ठेवून मोजावी, आणि तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत.

हे सगळं नीट होऊनही एअर फिल्टर जुनाच राहतो! कच्चे रस्ते, महामार्गावरचे डंपर, बुलेट ट्रेनचं बांधकाम, इतकी धूळ असताना फाटक्या फिल्टरवर नवं इंजिन चालवणं म्हणजे रिंगांवर वाळू ओतणंच.

यामाहा आर-15 किंवा केटीएम ड्यूक असेल तर मात्र बोअरिंगचा विषयच नाही. त्यांच्या अॅल्युमिनियम सिलिंडरला बीडाची बाही नसते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने बोअर करू देऊ नका.

मग घ्यायचं काय?

साध्या 100-125 सीसी गाडीला नामांकित पिस्टन उत्पादकाचा त्याच्या स्वतःच्या डब्यातला संच आमच्या मते पुरेसा आहे. बिननावाचा स्वस्तातही नको. दुकानात डबा उघडा, पिस्टनवर कोरलेलं माप आणि डब्यावरचं माप जुळतं का बघा. पिन हाताने सरकायला हवी, पण डुगडुगायला नको. पक्कं बिल मागा, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. माल नकली निघाला आणि दुकानदाराने हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे तक्रार करताना पहिल्यांदा तेच बिल लागेल.