व्हिसा आला, पण पोपटाचे काय?

खराडीतल्या आयटी पार्कांभोवतीच्या सोसायट्यांमध्ये एखाद्या कुटुंबाने परदेशी जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. फर्निचर विकायला निघते, गाडीला गिऱ्हाईक मिळते, मुलांचे शाळेचे दाखले निघतात. गॅलरीतला पिंजरा मात्र शेवटच्या पंधरवड्यापर्यंत कोणाच्या यादीतच नसतो. कुत्र्या-मांजरांना परदेशी नेण्याची वाट बरीच मळलेली आहे. पक्ष्याचे तसे नाही. लोहगावचा विमानतळ खराडीपासून जवळ असला, तरी पक्ष्याच्या तयारीला काही महिने लागतात, आणि काही देशांत तो जाऊच शकत नाही.

पहिला प्रश्न पक्षी कोणता, हा. पिंजऱ्यात आपला हिरवा, लाल चोचीचा मिठू असेल तर विषय तिथेच संपतो. हा पोपट, मोठा करण पोपट किंवा जांभळ्या डोक्याचा तुईया हे सारे आपल्या रानातले पक्षी. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणेच गुन्हा आहे, मग बाहेर नेण्याची परवानगी कुठून मिळणार? ‘आजोबांच्या काळापासून घरात आहे’ हे उत्तर चालत नाही. अशा वेळी वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवावे आणि पक्षी त्यांच्या स्वाधीन करावा.

बजरीगर, कॉकटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे, मकाव हे विदेशी पक्षी वेगळ्या वर्गात मोडतात. जगातल्या बहुतेक सर्व पोपटांचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. बजरीगर, कॉकटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे त्यातले मोजके अपवाद. आफ्रिकन ग्रेवर सर्वांत कडक निर्बंध आहेत. 2017च्या जानेवारीपासून तो कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. साइट्सच्या यादीतला पक्षी घरात असेल तर 2024च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी हवी. नोंदणी नसेल तर पुढचा एकही कागद हलत नाही.

मग येतो जाण्याचा देश. ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्या पाळीव पक्ष्यांना दार बंद ठेवले आहे. अमेरिकेत दार उघडे आहे, पण आयात परवाना, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि तिथे उतरल्यावर कृषी खात्याच्या केंद्रात 30 दिवस विलगीकरण, तेही मालकाच्या खर्चाने. ज्या पक्ष्याने माणसांशिवाय एक दिवस काढलेला नाही, त्याला महिनाभर अनोळखी खोलीत ठेवायचे, हे ऐकून अनेकांचा धीर सुटतो.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. आपल्याकडचे कोंबडीपालक ज्याला मानमोडी म्हणतात, त्या राणीखेत रोगाचा विषाणू पोपटाच्या अंगात दीर्घकाळ राहू शकतो, आणि पक्षी वरून धडधाकट दिसतो. 1971मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात बाहेरून आणलेल्या शोभेच्या पक्ष्यांमधून हा रोग कोंबड्यांत शिरला. तो आटोक्यात आणताना सुमारे 1 कोटी 20 लाख पक्षी मारावे लागले. बर्ड फ्लूची धास्ती तर महाराष्ट्राला 2006च्या नवापूरपासून ठाऊक आहे.

माणसाच्या आरोग्याचा धागाही इथेच आहे. सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून माणसाच्या फुफ्फुसांत जातो. 1929-30च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांबरोबर तो अनेक देशांत पसरला आणि अमेरिकेने पोपटांच्या आयातीवर बंदीच घातली. घर आवरताना जुना पिंजरा झटकून साफ करण्याचा मोह होतो. तसे न करता आधी पाणी शिंपडावे, मास्क लावावा. त्यानंतर ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू झाला तर ‘घरात पक्षी आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. हे सांगायचे राहून जाते आणि साधा न्यूमोनिया समजून उपचार लांबतात. वेळीच कळले तर डॉक्सिसायक्लिनने हा आजार बरा होतो.

प्रवासात पक्ष्याला उंचीचा त्रास होईल, ही भीती बहुतेकांना असते. ती फारशी खरी नाही. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, आणि पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम. त्यांच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडतात ते त्याच बळावर. खरा धोका भीतीचा, तापमानाचा आणि उपाशी राहण्याचा. तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरला काही तास न खाणेही महागात पडते. घाबरलेला पक्षी खात नाही, धडपडून पंख मोडून घेतो. झोपेचे औषध देऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट श्वासाला धोका वाढतो. त्यामुळे प्रवासाचा पिंजरा दोन-तीन महिने आधी घरात आणावा, आत दाणे ठेवावेत, पक्ष्याला आपणहून शिरू द्यावे. पाण्याची वाटी प्रवासात सांडते. काकडीची किंवा सफरचंदाची फोड बरी पडते.

जाणे शक्यच नसेल, तर एकच गोष्ट करू नये. ती म्हणजे गॅलरीचे दार उघडून ‘जा बाबा, मोकळा हो’ म्हणणे. पिंजऱ्यात जन्मलेल्या कॉकटीलला अन्न शोधता येत नाही आणि कावळे-घारींपासून लपताही येत नाही. तो मुळा-मुठा नदीकाठच्या झाडांपर्यंत पोहोचला तरी मोठेच नशीब.

नवे घर शोधणे अवघड असले तरी जमते. कॉकटील पंधरा-वीस वर्षे जगतो, ग्रे चाळीसच्या पुढे, हे घेणाऱ्याला आधीच सांगायला हवे. नोंदणीचा पक्षी असेल तर ताबा बदलल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. जुना पिंजरा, त्यातल्या त्याच काठ्या, तेच दाणे सोबत द्यावेत. नव्या माणसाने निदान आठवडाभर रोज येऊन हाताने भरवावे. मालक दिसेनासा झाला की काही पोपट स्वतःचीच पिसे उपटू लागतात. तसे दिसले तर पक्ष्यांचे काम करणाऱ्या पशुवैद्यकाला लगेच दाखवावे.